संध्याकाळी सात वाजता



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांची एक सवय इथले जुने लोक अजून सांगतात. अडचण घेऊन कुणी दारात आलं तर ते उपदेश करत बसत नसत. कुठे जायचं, कुणाला भेटायचं, किती वाजता गेलं तर तो माणूस भेटेल, एवढं ते चिठ्ठीवर लिहून देत. आजचा विषय निवडताना मला त्यांच्या या सवयीचाच आधार वाटला. दारूबद्दलचा उपदेश आपण सगळ्यांनी पुष्कळ ऐकला आहे. पण ज्याला दारू सोडायची आहे त्याला आज संध्याकाळी सात वाजता कुठे पाठवायचं, हे आपल्यापैकी फार थोड्यांना सांगता येईल. मी त्याबद्दल बोलणार आहे.

दारू सोडू पाहणाऱ्या माणसांबरोबर आणि त्यांच्या घरच्यांबरोबर मी समुपदेशक म्हणून काम करते. निश्चय माणसं मनापासून करतात. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतात, देवाला नारळ फोडतात, दवाखान्यात राहून उपचार घेतात आणि घरी येतात तेव्हा चेहऱ्यावर तेज आलेलं असतं. सकाळ बरी जाते. दुपार कामात जाते. दिवेलागणीला मात्र पाय आपोआप ओळखीच्या वाटेला लागतात. वर्षानुवर्षं ती वेळ ठरलेली, ते दुकान ठरलेलं, तिथली माणसंही ठरलेली. दारू सोडली की ती वेळ रिकामी होते आणि सोबतीही सुटतात. घरात बसावं तर घरच्यांची नजर सारखी त्याच्यावर. जवळ आला की वास येतोय का, याची धास्ती. बाहेर पडावं तर जायला दुसरी जागा नाही.

या एका तासाला सोबत लागते. ज्यांनी स्वतः दारू सोडली आहे अशा माणसांची सोबत. घरापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, ठरल्या वारी, ठरल्या वेळी. माझं आजचं सांगणं एवढंच आहे की अशी बैठक शोधणं हा उपचाराचाच भाग आहे, आणि आसपास ती नसेल तर ती उभी करायला गावाने हात दिला पाहिजे. पिणाऱ्याच्या एकट्याच्या खांद्यावर हे काम टाकून आपण मोकळं होऊ नये.

प्रश्न केवढा आहे, ते आधी पाहू. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने देशभर पाहणी केली. तिचा अहवाल २०१९ साली आला. १० ते ७५ या वयोगटातले सुमारे १६ कोटी भारतीय दारू पितात. त्यांतल्या ५ कोटी ७० लाख लोकांना दारूमुळे होणाऱ्या त्रासासाठी मदतीची गरज आहे, आणि २ कोटी ९० लाख लोक तर दारूवर पूर्ण अवलंबून आहेत. याच अहवालात आणखी एक आकडा आहे, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अशा अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कसली ना कसली मदत मिळाली होती. उरलेल्या ३७ जणांनी कधीच सोडायचं मनात आणलं नसेल, असं मला वाटत नाही. त्यांच्यातल्या कित्येकांना दार कुठे आहे हेच कळलं नसेल.

आपल्या महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. १८८० साली महात्मा फुल्यांनी पुण्यातल्या वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्ध नगरपालिकेत आवाज उठवला. १९०८ साली लोकमान्य टिळकांनी दारूच्या दुकानांवर निरोधनाची चळवळ चालवली. गाडगेबाबांनी कीर्तनांतून आणि तुकडोजी महाराजांनी भजनांतून दारूविरुद्ध गावंच्या गावं जागी केली. १९९३ पासून गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी आहे. चंद्रपूरमध्ये ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. ‘बाटली आडवी’ करण्यासाठी, म्हणजे दारूचं दुकान बंद करण्यासाठी, गावोगावच्या बाया मतदानाला उतरल्या. या सगळ्यांचं लक्ष्य दारू आणि दारूचं दुकान होतं, आणि त्या लढ्याचं मोल मोठं आहे. पण दुकान बंद झालं तरी, आणि चालू राहिलं तरी, ज्याच्या अंगात तलफ उठते त्या माणसाचा प्रश्न उरतोच. दारूबंदीच्या बाजूचे आणि विरोधातले असे दोघेही आज इथे बसले असतील. त्या दोघांनाही मान्य व्हावं असं हे काम आहे.

आपल्या रंगभूमीने हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी मांडून ठेवला. राम गणेश गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगमंचावर आलं. हुशार, मानी वकील सुधाकर, त्याच्या अपमानाचा क्षण आणि त्या क्षणी त्याच्या हातात प्याला देणारा त्याचा कारकून तळीराम हे आपल्याला ठाऊक आहेत. त्याच्या पत्नीचे, सिंधूचे हाल आठवून आजही डोळे भरून येतात. मला मात्र या नाटकात आणखी दोन गोष्टी दिसतात. पहिली म्हणजे तळीरामाने काढलेलं आर्य मदिरा मंडळ. पिणाऱ्यांची ती रीतसर संघटना आहे. तिला सभासद आहेत, बैठका आहेत, नवा माणूस आला की त्याचं स्वागत आहे. दुसरी गोष्ट अशी की एका टप्प्यावर सुधाकर दारू सोडायचं ठरवतो. तो खरोखरच ठरवतो, प्रतिष्ठितांच्या दारी काम मागायला जातो आणि झिडकारला जातो. मग तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. सुधाकरला उपदेश करणारे होते, त्याच्यासाठी जीव टाकणारी पत्नी होती, काळजी करणारा मित्र होता. पण दारू सोडून बसलेला दुसरा एकही माणूस त्याच्या आसपास नव्हता. पिण्यासाठी मंडळ होतं, सोडण्यासाठी नव्हतं. गडकऱ्यांच्या काळच्या महाराष्ट्रात ते मिळालंही नसतं.

ते मिळालं ‘एकच प्याला’नंतर सोळा वर्षांनी, फार दूरच्या एका गावात. आज आपण जी बैठक शोधायची म्हणतो तिची सुरुवातच मुळी अशा शोधातून झाली आहे, म्हणून ती हकीकत थोडी सविस्तर सांगते.

न्यूयॉर्कचा शेअर दलाल बिल विल्सन याची दारू डिसेंबर १९३४ मध्ये सुटली होती. मे १९३५ मध्ये तो एका व्यवहारासाठी अमेरिकेतल्याच ओहायो राज्यातल्या ॲक्रन या गावी आला. व्यवहार फसला. शनिवारी संध्याकाळी, परक्या गावात, खिशात फारसे पैसे नसताना तो हॉटेलच्या दिवाणखान्यात येरझाऱ्या घालत होता. एका बाजूने बारमधले हसण्याखिदळण्याचे आवाज येत होते. तलफ उठली. त्याच्या लक्षात आलं की गेल्या पाच महिन्यांत आपण टिकलो ते इतर दारुड्यांशी बोलत राहिल्यामुळे. समोर चर्चच्या पत्त्यांची यादी होती, फोन होता. त्याने एका धर्मगुरूला फोन लावला. त्याच्याकडून नावं मिळाली, त्या नावांना एकेक करत फोन झाले. मागणी एकच होती: या गावातल्या एखाद्या दारुड्याशी मला बोलायचं आहे. शेवटी हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंनी दुसऱ्या दिवशी त्याची गाठ गावातल्या एका शल्यचिकित्सकाशी घालून दिली. डॉक्टर बॉब स्मिथ पुरते दारूत बुडालेले होते. पंधरा मिनिटांहून जास्त बसणार नाही, असं बजावून ते आले आणि रात्री सव्वा अकरापर्यंत बोलत बसले.

असं का झालं असेल? डॉक्टरांना दारूचे दुष्परिणाम कुणी शिकवायला नको होते. ते स्वतःच डॉक्टर होते. समोरचा माणूस उपदेश करत नव्हता. तो आपली गोष्ट सांगत होता, आणि ती डॉक्टरांचीही गोष्ट होती. १० जून १९३५ रोजी डॉक्टर बॉब शेवटचं प्याले. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे आपण ज्याला ए.ए. म्हणतो, त्याचा स्थापनादिन म्हणून तोच दिवस मानला जातो. मग दोघांनी मिळून इस्पितळात पडलेला तिसरा माणूस गाठला. तो सुधाकरसारखाच एक वकील होता.

अशी चळवळ अमेरिकेतही पहिली नव्हती. १८४० साली बाल्टिमोरच्या एका दारूच्या अड्ड्यावर सहा पिणाऱ्यांनी दारू सोडण्याची शपथ घेतली आणि सभांतून आपापले अनुभव सांगायला सुरुवात केली. वॉशिंग्टोनियन नावाची ही चळवळ वणव्यासारखी पसरली आणि थोड्याच वर्षांत विझली. राजकारण, दारूबंदीचे कायदे, त्या काळचे इतर वाद या सगळ्यांत ती ओढली गेली, आणि दारू सोडू पाहणारा माणूस बाजूला पडला. ए.ए.ने या इतिहासापासून धडा घेतला. १९५० साली क्लीव्हलंडच्या अधिवेशनात बारा परंपरा स्वीकारल्या गेल्या. सभासद होण्याची अट एकच, दारू सोडण्याची इच्छा. बाहेरच्यांकडून देणगी घ्यायची नाही. बाहेरच्या कुठल्याही वादात पडायचं नाही. सभासदाचं नाव जाहीर करायचं नाही. यांतली प्रत्येक गोष्ट त्या छोट्याशा खोलीचं रक्षण करण्यासाठी आहे. तिथे पक्ष, जात, पैसा, मोठेपणा शिरला की नवा माणूस बुजतो आणि परत येत नाही.

याचा खरंच उपयोग होतो का, असा प्रश्न डॉक्टर मंडळी विचारतात, आणि तो विचारलाच पाहिजे. २०२० साली कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत १०,५६५ माणसं होती. रुग्णाला ए.ए.च्या बैठकीशी पद्धतशीरपणे जोडून देणाऱ्या उपचारात वर्षाअखेर पूर्ण कोरडी राहिलेली माणसं शंभरात ४२ होती. इतर मानसोपचारांत ती ३५ होती. म्हणजे हा जादूचा मंत्र नव्हे. निम्म्याहून जास्त माणसं त्या वर्षात कधी ना कधी घसरली. पण मान्यताप्राप्त मानसोपचारांच्या तोडीची, थोडी सरसच, अशी ही फुकट मिळणारी मदत आहे. या आढाव्याचे प्रमुख लेखक जॉन केली यांनी ही मदत कशामुळे लागू पडते याचाही अभ्यास केला आहे. त्यांना आढळलेलं महत्त्वाचं कारण साधं आहे: माणसाच्या भोवतीची माणसं बदलतात. पिणारे सोबती कमी होतात, न पिणारे वाढतात.

शेजारच्या गोव्यातूनही एक मोलाचा पुरावा आला आहे. तिथल्या ‘संगथ’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. दारू प्रमाणाबाहेर जाऊ लागलेल्या पुरुषांशी, डॉक्टर नसलेल्या, गावातल्याच, पण नीट शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी थोड्या भेटींत बोलायचं. तीन महिन्यांनी, अशा भेटी मिळालेल्यांपैकी ३६ टक्क्यांचं पिणं धोक्याच्या रेषेखाली आलं. नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होतं. २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष छापून आले. पूर्ण अवलंबून झालेल्यांसाठी हा उपाय पुरा पडत नाही, ते प्रकरण वेगळं. पण मदत मोठ्या शहरातल्या मोठ्या इमारतीतच मिळते, हा समज या प्रयोगाने खोटा ठरवला.

आपल्याकडे ए.ए. १९५७ साली मुंबईत सुरू झाली. आज तिच्या बैठका शाळांच्या वर्गांत, चर्चच्या आवारात, समाजमंदिरांत भरतात. १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. गर्द या अमली पदार्थाच्या व्यसनावर अनिल अवचटांनी लिहिलेले लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांनी या कामासाठी एक लाख रुपये दिले, ही हकीकत आपल्याला माहीत असेल. मुक्तांगणचं मला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं वैशिष्ट्य असं की तिथून बरे झालेले अनेक जण तिथेच नव्या रुग्णांसाठी काम करतात, आणि घरी गेलेल्यांसाठी पाठपुराव्याच्या बैठका चालतात, पुण्याबाहेरही. तिथे व्यसनमुक्तीचा वाढदिवस साजरा होतो. ज्याला एक वर्ष झालं तो पुढे येऊन बोलतो, घरची माणसं बोलतात, आणि कालच दाखल झालेला माणूस समोर बसून ते ऐकत असतो.

अशा खोलीत नेमकं काय घडतं, याबद्दल बाहेर फार गैरसमज आहेत. पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटतं, आपल्याला उभं करून जाब विचारतील. तसं काही होत नाही. तास-दीड तासाची बैठक असते. एक जण ती चालवतो, आणि चालवणारे आळीपाळीने बदलत राहतात. ज्याला वाटेल तो आपला अनुभव सांगतो. त्याला तिथे ‘शेअरिंग’ म्हणतात. मध्ये कुणी तोंड घालत नाही, सल्ले देत नाही, कुणाला दोष देत नाही. नव्या माणसाला बोलायचं नसेल तर तो नुसता ऐकतो. शेवटी एक पिशवी फिरते, तीत ज्याला जमेल तेवढं तो टाकतो. नवख्याने काही टाकलं नाही तरी चालतं. मग चहा होतो, आणि खरी ओळख पुष्कळदा या चहावर होते. कुणीतरी फोन नंबर देतं आणि सांगतं, तलफ आली तर आधी मला फोन कर, मग काय ते ठरव. पुढे एखादा जुना सदस्य नव्याचा ‘स्पॉन्सर’ होतो, म्हणजे त्याला हाताशी धरून चालवतो. आयुष्यभराची शपथ कुणी मागत नाही. आजचा दिवस प्यायची नाही, एवढंच. तोही कठीण वाटला तर पुढचा तास.

अशा बैठकीत रिक्षाचालकाशेजारी प्राध्यापक बसतो, आणि बोलायला लागले की दोघांची गोष्ट एकच निघते. चोरून ठेवलेली क्वार्टर, सकाळी थरथरणारे हात, बायकोला दिलेली खोटी वचनं, मुलीच्या शाळेत झालेली फजिती. आपल्यासारखं कुणी नाही या समजुतीने माणूस आतून कुढत असतो. इथे ती समजूत पहिल्याच दिवशी गळून पडते.

आता एक गोष्ट मी फार गंभीरपणे सांगते. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी, घरच्या घरी दारू तोडणं जिवावर बेतू शकतं. शेवटच्या घोटानंतर काही तासांतच हातापायांना कंप सुटतो, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दोन ते चार दिवसांच्या सुमारास काहींना भास होतात, दिवसकाळाचं भान सुटतं, ताप चढतो; वेळीच उपचार झाले नाहीत तर मृत्यूही येतो. म्हणून आधी डॉक्टर. औषधं देऊन आणि ‘ब-१’ जीवनसत्त्व भरून काढून हे दिवस सुरक्षितपणे पार करता येतात. बैठक डॉक्टरांची जागा घेत नाही. शरीर सावरल्यावर पुढच्या महिन्यांसाठी आणि वर्षांसाठी ती लागते. डॉक्टरांनीही औषधांच्या चिठ्ठीवर बैठकीचा वार आणि वेळ लिहायची सवय लावावी, ही माझी त्यांना विनंती आहे.

आणि बैठक शोधायची कशी? जिल्हा रुग्णालयाच्या किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागात विचारा. तिथल्या सामाजिक कार्यकर्त्यांना आसपासच्या बैठका माहीत असतात. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची १४४४६ ही फुकट हेल्पलाइन आहे. मन फारच खचलं असेल तर ‘टेली-मानस’चा १४४१६ हा नंबर आहे. ए.ए.च्या मदतक्रमांकावर फोन केला तर पलीकडून बोलणारा बहुतेक वेळा स्वतः दारू सोडलेला असतो. जवळच्या व्यसनमुक्ती केंद्रात दाखल व्हायचं नसलं, तरी त्यांच्या पाठपुराव्याच्या बैठकांची चौकशी करता येते. फोनवर तीन गोष्टी नक्की विचारा. बैठक कोणत्या वारी आणि किती वाजता भरते? बोलणं कोणत्या भाषेत चालतं? ती सर्वांसाठी खुली आहे, की फक्त दारू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी? खुल्या बैठकीला घरच्यांनाही जाता येतं. परतीची शेवटची एसटी किती वाजता, तेही पाहून ठेवा. ती चुकते म्हणून बैठक सोडलेली माणसं मला माहीत आहेत. एका बैठकीत मन रमलं नाही तर दुसरी पाहा. ए.ए.मध्ये नवख्याला नव्वद दिवसांत नव्वद बैठका सुचवतात. आपल्याकडे छोट्या गावात ते जमणार नाही. पण आठवड्यातून दोन बैठका आणि उरलेल्या संध्याकाळी एक फोन, इतकं बहुतेकांना जमतं.

खोटी मदतही बाजारात आहे, ती ओळखता आली पाहिजे. भिंतींवर जाहिराती असतात: पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा. कधी अशा पुड्यांत काय आहे हे कुणालाच ठाऊक नसतं, कधी डायसल्फिराम नावाचं औषध चोरून जेवणात घातलं जातं. १९४० च्या दशकाच्या अखेरीस डेन्मार्कमध्ये दारूच्या उपचारासाठी पुढे आलेलं हे औषध रुग्णाच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली उपयोगी आहे. पण ते पोटात असताना माणूस न कळता प्यायला तर रक्तदाब कोसळू शकतो, हृदयावर ताण येतो. कुणाच्याही ताटात असं काही घालू नका. केंद्रात दाखल करताना नोंदणी आहे का, डॉक्टर कधी येतात, घरच्यांना भेटू देतात का, हे विचारा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारूमुळे होणारे मानसिक आजारही आपल्या कक्षेत घेतले आहेत. मारहाण करणाऱ्या, कोंडून ठेवणाऱ्या केंद्राला उपचार म्हणता येत नाही. आणि बैठक चांगली की वाईट, हेही सहज कळतं. जिथे फी मागतात, हमखास गुण येईल असं सांगतात, डॉक्टरांची औषधं बंद करायला लावतात किंवा आत बोललेलं बाहेर पसरवतात, तिथून उठून यावं.

देव न मानणारे विचारतात, दारू सोडण्याच्या ए.ए.च्या ज्या पायऱ्या आहेत त्यांत ईश्वर आहे, आम्ही काय करायचं? तिथला ईश्वर ज्याने त्याने आपल्याला उमजेल तसा मानायचा आहे, आणि बैठकीतली माणसं हीच आपल्याहून मोठी शक्ती असं मानून टिकलेले नास्तिकही आहेत. तरीही ज्यांना ती भाषा पटत नाही त्यांच्यासाठी व्यसनमुक्ती केंद्रांच्या गटबैठका आहेत.

स्त्रियांची अडचण याहून मोठी आहे. पिणारी बाई पुरुषापेक्षा जास्त लपवते, कारण तिला पुरुषापेक्षा जास्त फेकलं जातं. पुरुषांनी भरलेल्या खोलीत ती येणार नाही. तिच्यासाठी वेगळी बैठक, दुपारची वेळ आणि निदान एक स्त्री समुपदेशक हवी. आपल्या गावात अशी बाई नाही असं ज्यांना वाटतं, त्यांना मी एवढंच सांगेन की ती तुमच्यासमोर आलेली नाही.

घरच्यांसाठीही बैठक असते. १९५१ साली बिल विल्सनची पत्नी लोइस आणि तिच्या मैत्रिणीने अल-ॲनॉन सुरू केलं. १९५७ पासून किशोरवयीन मुलांसाठी अल-ॲटीन आहे. मुक्तांगणमध्ये पत्नींचा ‘सहचरी’ हा गट आहे. बायको वर्षानुवर्षं नवऱ्याच्या साहेबाला खोटं सांगते, उधाऱ्या फेडते, बाटल्या ओतून देते आणि शेवटी स्वतःलाच विचारते, माझं कुठे चुकलं? अशा गटात तिला पहिल्यांदा कळतं की हा आजार तिने आणलेला नाही, आणि तिच्या धाकाने किंवा सेवेने तो जाणारही नाही. नवरा बैठकीला येत नसला तरी तिने जावं. तिचं आणि मुलांचं जगणं त्याच्या सोडण्यावर टांगून ठेवायचं कारण नाही.

आणि घसरण. ती होते, पुष्कळांची होते. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार गोष्टींवर लक्ष ठेवायला जुने सदस्य शिकवतात, कारण तलफ बहुधा यांच्याच मागोमाग येते. वारकरी परंपरेत माळ घालून दारू सोडलेली घरं आपण पाहिली आहेत. ती माळ टिकते तिच्यामागे एकादशी असते, भजन असतं, दिंडी असते, हाक मारायला येणारा माळकरी शेजारी असतो. सोबतीचं हे बळ आपल्या मातीतलंच आहे. फक्त माळ तुटली की माणूस लाजेने सोबत्यांना तोंड दाखवत नाही, आणि नेमकी तेव्हाच त्याला त्यांची गरज असते. बैठकीत घसरलेल्या माणसाला मागची खुर्ची दाखवत नाहीत. तो येतो, काय झालं ते सांगतो आणि पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायला लागतो. सर्वांत मन लावून ऐकलं जातं ते अशा माणसाचं, कारण तो आज बाहेरची ताजी बातमी घेऊन आलेला असतो.

आपल्या तालुक्यात अशी नियमित बैठक नाही. ज्यांना हवी ते जिल्ह्याच्या गावी जातात आणि शेवटच्या गाडीने परततात; काही जण फोनवरच्या ऑनलाइन बैठकांना बसतात. तेही उपयोगी आहे, पण पुरेसं नाही. लहान गावात सगळे सगळ्यांना ओळखतात, गुपित कसं राहणार, असं विचारतात. मी उलट विचारते: त्याचं पिणं कधी गुपित होतं का? ज्याला गावाने रस्त्यात पडलेलं पाहिलं आहे, त्याला गावाने बैठकीला जाताना पाहिलं तर त्याचं काय बिघडणार आहे?

बैठक सुरू करायला फार लागत नाही. दारू सोडलेली दोन माणसं, एक खोली, ठरलेला वार. दोन माणसं या गावात आहेत, हे मला माहीत आहे. वार तीच ठरवतील. खोली तुमच्याकडे आहे. म्हणून वाचनालयाच्या विश्वस्त मंडळींना माझी जाहीर मागणी आहे: आठवड्यातून दोन संध्याकाळी, सात ते साडेआठ, वाचनालयाची एक खोली या कामासाठी द्या. नाममात्र भाडं घ्या. बैठकीची माणसं ते स्वतः भरतील, फुकट मागणार नाहीत. दाराशी पाटी नको, उद्घाटन नको, हारतुरे नकोत, वर्तमानपत्रात फोटो नको. आत कोण आलं हे कुणी विचारू नये, आणि ठरल्या वेळी दार उघडलेलं असावं. शाळेच्या मुख्याध्यापकांना, ग्रामीण रुग्णालयाच्या डॉक्टरांना आणि पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्यांना त्या बैठकीचा वार तोंडपाठ असावा, म्हणजे रात्री-अपरात्री त्यांच्यासमोर उभ्या राहणाऱ्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांना ते सांगू शकतील.

आणि आज या सभागृहात असा कुणी बसला असेल, ज्याला माझं बोलणं संपायच्या आत निसटून दुकान गाठायचं आहे, त्याला मी सांगते: भाऊ, आज तुमच्याकडून कुठलीही शपथ नको. मी सभागृहाच्या मागच्या दाराशी थांबणार आहे. तुमचं नाव विचारणार नाही. जवळच्या बैठकीचा वार, वेळ आणि तिथे पोचल्यावर तुम्हाला आत घेऊन जाणाऱ्या माणसाचा नंबर एवढंच लिहिलेली चिठ्ठी देईन. बाकीच्यांनी कृपया पुढच्या दाराने बाहेर पडावं.